पडल्यावर चेंडू

बांधावरून पाय घसरला आणि गुडघा धरला. ऐन लावणीत विंझरच्या घरी मी खाटेवर, आणि शिवारात सावडीची माणसं. मोबाइलवर काय लागलं, तर रग्बीचा जुना सामना! 2019 साली मनिलात भारताच्या मुलींनी सिंगापूरला 21–19 असं हरवलं. पंधरा जणींच्या रग्बीतला त्यांचा तो पहिला विजय. कर्णधार वाहबिझ भरुचा, आपल्या पुण्याची.

आधी नुसती झोंबाझोंबी वाटते. हातानं चेंडू पुढे टाकायचा नाही, एवढं ऐकून होतो. मला अडकवलं ते दुसऱ्याच नियमानं. पाडलं की चेंडू लगेच सोडायचा. कवटाळून बसलं तर पेनल्टी. एक मुलगी आडवी झाली, अंग वळवलं, हात लांबवून चेंडू आपल्या बाजूला ठेवला. मागून दोघी आल्या आणि तिच्यावरून वाकून समोरच्यांना रेटत राहिल्या. तिनं मान वळवून पाहिलंही नाही. ही खात्री कुठून येते? शिबिरांत फळ्यावर ‘टीमवर्क’ लिहून ती येत असेल, असं मला तरी वाटत नाही.

मीही पडलोय, पण माझ्या भातगिरणीची किल्ली अजून उशाखालीच आहे. पोरगा दारातून डोकावून गेला, बोलला काही नाही. इंद्रायणीची पोती कुणाची आधी भरडायची, उधारी कुणाची किती, सगळं माझ्या डोक्यात. रात्री जेवणं झाल्यावर त्याला वही उघडायला लावली. माझ्या खुणा त्याला लागेनात. दिवे गेले, तरी आमचं पहिलंच पान चाललं होतं.