एकवीसची की बावीसची?

"आज्जी, तुझ्या घरी माझा वाढदिवस झालाच नाही," असं नात चिकलठाण्याच्या विमानतळावर निघता निघता म्हणाली. पाच वर्षांची पोर. तिच्या आईने "असं बोलू नये" म्हणून दटावलं, पण खोटं बोलू नये असं काही ती म्हणाली नाही. ते मला जास्त लागलं.

जावई शेंद्र्याच्या कारखान्यातून जर्मनीत इंगोलश्टाटला गेले, मागोमाग लेक गेली. 2018 च्या ऑगस्टमध्ये मी बाळंतपणाला गेले. डिंकाचे लाडू, बाळंतशोपा, व्हिसाचे हेलपाटे हे सगळ्यांचंच असतं, सांगत बसत नाही. नात रात्री 11 वाजून 48 मिनिटांनी झाली, नातू 12 वाजून 9 मिनिटांनी. एकवीस मिनिटांचं अंतर, पण मध्ये तारीख बदलली. दाखल्यावर नात 21 ऑगस्टची, नातू 22 चा. जुळ्यांचे वाढदिवस दोन! मी लेकीकरवी तिथल्या सुईणीला विचारलं, एकच तारीख नाही का लिहिता येणार? तिने भिंतीवरच्या घड्याळाकडे बोट दाखवलं आणि ती निघून गेली. मला त्या बाईचा राग आला. मी शाळेत नोकरी केलेली. खेड्यातून आलेल्या किती पोरांना आम्ही 1 जून ही जन्मतारीख चिकटवली, कुणाचं काही अडलं नाही.

शिवाय मी हिशेब घातला होता. उन्हाळ्यात ते आपल्या साडेतीन तास मागे. म्हणजे इथे तेव्हा पहाटेचे 3 वाजून 18 आणि 39 मिनिटं, दोघंही 22 चीच. पंचांगाने बघावं तर आपला वार सूर्योदयाला बदलतो, म्हणून दोघंही मंगळवारचीच. कुठूनही बघा, जुळी ती जुळी. हे मी फोनवर दरवर्षी ऐकवायचे.

2023 मध्ये ती सगळी पहिल्यांदाच वाढदिवसाला इकडे आली. आदल्या फेब्रुवारीत आमच्या शहराचं नाव बदललेलं, लेकीच्या पासपोर्टवर जन्मगाव मात्र औरंगाबाद. अधिक श्रावण येऊन गेलेला, त्यामुळे सण पुढे सरकलेले. 21 ऑगस्टला नेमकी नागपंचमी आली, वर श्रावणी सोमवार. आमच्याकडे पंचमीला चिरायचं नाही, कापायचं नाही, तळायचं नाही, तवा चढवायचा नाही. आई तर आदल्या रात्रीच विळी माळ्यावर टाकायची. मग केक कापणार कसा?

मी म्हणाले, उद्या दोघांचा मिळून कापू. नातीने जर्मनीहून कागदी मुकुट आणला होता. तिकडे बालवाडीत ज्याचा दिवस त्याच्या डोक्यावर मुकुट. तो घालून ती सकाळपासून झोपाळ्यावर बसलेली. मी तिला समजावलं, "भारतात तू बावीसचीच आहेस, सोन्या."

तिने विचारलं, "मग मी मोठी नाही?"

"आहेस की, एकवीस मिनिटांनी."

"नाही. एका दिवसाने."

मी ज्वारीच्या लाह्या दिल्या, पुरणाची दिंडं उकडली, वर तूप ओतलं. दिंड बघून ती म्हणाली, "हे पाकीट आहे."

संध्याकाळी दोघांना पाटावर बसवलं. म्हटलं, निदान ओवाळते तरी. नातीचं औक्षण झालं. नातवाकडे ताम्हण वळवलं, तसा तो दोन्ही हातांनी कपाळ झाकून उठलाच. "माझा आज नाही! आधी केलं तर वाईट होतं!" जर्मन लोक वाढदिवसाच्या आधी शुभेच्छा देत नाहीत, तो अपशकुन मानतात. पाच वर्षांच्या पोराच्या डोक्यात हे कुणी भरवलं, म्हणून मी चिडले. लेक शांतपणे म्हणाली, "आई, तुझी सुरी चालत नाही, त्याचं कुंकू चालत नाही. मी कुणाला बोलू?"

मी गप्प बसले. वाद घालण्यासारखं बरंच होतं. सुरी न लावण्यामागे नागाला इजा होऊ नये ही भावना आहे, अपशकुनाची भीती नाही, असं मला म्हणायचं होतं. पण आईने विळी माळ्यावर टाकली ती नागाच्या मायेने की भीतीने, हे मी कधी विचारलं नव्हतं. आणि खरं सांगते, त्या रात्री मला ती सुईण आठवली. दोन तारखा लिहिल्या म्हणून निदान पोरीकडे तिचा स्वतःचा असा एक दिवस होता. तोच मी वाया घालवला. तरी पुन्हा पंचमी 21 ला आली, तर मी सुरी काढेन असं मला वाटत नाही. ज्यांच्या घरी असे दोन कायदे आहेत, त्यांनी कॅलेंडर बघून तिकीट काढावं.

उस्मानपुऱ्यातून आणलेला बिनअंड्याचा केक फ्रिजमध्ये होता, दोघांची नावं लिहिलेला. बावीसच्या सकाळी खोका उघडला तर एक कोपरा उकरलेला. क्रीमवर चार बोटांचे फराटे, नातवाच्या नावाचं शेवटचं अक्षर गायब. सुरी कुठेही लागलेली नव्हती. यांनी वर्तमानपत्रातून डोकं न काढताच सांगितलं, "मुंग्या असतील."

नातवाने विचारलं, "माझं अक्षर कुठे गेलं?" नात मुकुट सारखा करत राहिली. मी केक फिरवून तो कोपरा भिंतीकडे केला आणि जावयांना म्हणाले, काढा आता फोटो.