इकडील सर्व क्षेम

गेल्या नाताळच्या सुमारास आजाऱ्यांना ख्रिस्तप्रसाद देण्यासाठी फिरत असताना धर्मग्रामातील एका घरी विसावलो. त्या घरचा मुलगा उच्च शिक्षणासाठी कॅनडाला गेला आहे. आईने मोठ्या कौतुकाने मोबाइलवर त्याची भेट घालून दिली. ‘‘फादर, सगळं मजेत आहे,’’ मुलगा हसून म्हणाला. आईचा चेहरा उजळला आणि ती चहा ठेवायला आत गेली. माझे लक्ष मात्र त्याच्या डोक्यावरील लोकरी टोपीकडे गेले. स्वतःच्या खोलीत बसलेला मुलगा टोपी आणि जाकीट घालून बसला होता. त्या क्षणी मला माझी रोममधील खोली आठवली आणि त्या खोलीत आलेली बाबांची पत्रे आठवली.

१९९७ च्या सप्टेंबरात मी पुढील अभ्यासासाठी रोमला गेलो. दीक्षा होऊन दोन वर्षे झाली होती. गोरेगावच्या सेमिनरीत ईशज्ञान इंग्रजीतून शिकलो होतो, प्रवचने मराठीतून देत होतो आणि लोक ती मन लावून ऐकतात असा माझा गोड समज होता. रोममध्ये पहिल्याच सकाळी या विद्वत्तेची परीक्षा झाली. नळावरील ‘सी’ हे अक्षर पाहून थंड पाणी समजून हात धरला आणि तो पोळला. इटालियनमध्ये ‘काल्दो’ म्हणजे गरम! ज्या नगरीत संत इग्नेशियस यांनी १५५१ साली विद्यालय सुरू केले, त्या नगरीतील माझा पहिला धडा असा स्नानगृहात झाला.

पुढचे धडे अधिक कठीण होते. व्हॅटिकनजवळून ६४ क्रमांकाची बस धरून, खिसा सांभाळत, मी पियात्सा व्हेनेझियापर्यंत जात असे. वर्गात प्राध्यापक बोलत असत आणि मी ओळखीचा शब्द येण्याची वाट पाहत असे. दहापैकी चार शब्द हाती लागत आणि तोवर वाक्य पुढे निघून गेलेले असे. डिसेंबरात संध्याकाळी पाचच्या आतच काळोख पडे. इमारतीतील ऊब ठरावीक तासच मिळत असे. रात्री ती बंद झाली की मी स्वेटरवर स्वेटर चढवून शब्दकोश घेऊन बसे. भोजनगृहात पास्ता समोर आला की आईच्या हातची पेज आणि भाजलेला बोंबील आठवे. जेवणारे सारे धर्मगुरूच असूनही आपण एकटे आहोत असे वाटे.

परीक्षा तोंडी असे. मेजापलीकडे प्राध्यापक, अलीकडे आपण आणि मध्ये जेमतेम दहा-पंधरा मिनिटे. पहिल्या वर्षी एका विषयात माझी जीभ जी टाळ्याला चिकटली ती सुटलीच नाही. उत्तर ठाऊक होते, शब्द नव्हते. मी अनुत्तीर्ण झालो. त्या रात्री घरी हवाईपत्र लिहिले: ‘इकडील सर्व क्षेम. परीक्षा चांगली झाली. थंडी सोसवते.’ लोकांची पापनिवेदने ऐकणाऱ्या माझ्या हातून तीन लहान वाक्यांत तीन असत्ये लिहिली गेली.

बाबांचे उत्तर पंधरा-वीस दिवसांनी येई. दीक्षाविधीनंतर ते मला ‘अहो’ म्हणत. ‘रेव्हरंड फादर यांस, इकडील सर्व क्षेम. विहिरीला पाणी भरपूर. केळी उत्तम. आपले संत गोन्सालो गार्सिया यांना १८६२ साली तिथेच संतपद मिळाले, त्यांच्यासमोर आमच्यासाठी प्रार्थना करावी.’ महिन्यातून एकदा दहा हजार लिरांचे टेलिफोन कार्ड घेऊन मी शेजाऱ्यांच्या घरी फोन करीत असे. आपल्या पैशांत ते दोनशे रुपयांच्या आसपास होते. यंत्रावरील आकडा भराभर उतरत असे आणि तेवढ्यात आम्ही दोघे एकमेकांना ‘मजेत’ एवढेच सांगत असू.

१९९९ च्या पावसाळ्यात आलेल्या तीन पत्रांचे अक्षर बाबांचे नव्हते, धाकट्या बहिणीचे होते. ‘चष्मा फुटला आहे,’ असे कारण दिले होते. चष्मा दुरुस्त व्हायला तीन महिने लागत नाहीत, हे मला कळत नव्हते असे नाही. परंतु ते मानून घेणे सोयीचे होते. समोर प्रबंध होता.

२००० च्या जुलैमध्ये मी परत आलो. बाबा काठी टेकत दारात उभे होते. पोटाची मोठी शस्त्रक्रिया झाली होती. टँकरसाठी झालेल्या बेसुमार उपशाने आमच्या भागातील अनेक विहिरी खारावल्या, तशी आमचीही खारावली होती. केळीच्या वाडीत गवत माजले होते. ‘‘कळवलं का नाही?’’ मी विचारले. ‘‘तुम्ही अभ्यासात होता, फादर,’’ ते म्हणाले. मग मीही नापास झाल्याची हकिकत सांगितली. ते बराच वेळ हसले आणि मग एकाएकी गप्प झाले. ‘‘म्हणजे थंडीही सोसवत नव्हती तर,’’ एवढेच बोलले. बाबा २००४ साली गेले. त्या चार वर्षांत आम्ही पुष्कळ बोललो. परंतु ज्या वर्षी त्यांना माझी सर्वाधिक गरज होती, त्या वर्षी त्यांच्या मुलाच्या हाती केवळ ‘क्षेम’ हा शब्द होता.

आपली मुले आज मोठ्या संख्येने परदेशी शिकायला जात आहेत. पत्राला आता पंधरा दिवस लागत नाहीत, चेहरा क्षणात समोर येतो. परंतु प्रेमापोटी बोललेले असत्य त्या पडद्यावरूनही तितक्याच सहजतेने जाते, आणि ते दोन्ही दिशांनी जाते. आईवडीलहो, मुलाला ‘खरं सांग’ म्हणण्यापूर्वी आपण त्याला खरे सांगतो का, हेही पाहावे. घरचे दुःख ठाऊक असलेल्या मुलालाच स्वतःचे दुःख घरी सांगण्याचा धीर होतो.

त्या दिवशी मी पडद्यावरील मुलाला विचारले, ‘‘बाळा, खोलीत हीटर नाही का रे?’’ तो हसला, मग त्याचे हसू मावळले. त्याने जे सांगितले ते येथे लिहिण्याचा अधिकार मला नाही. मी एवढेच म्हणालो, ‘‘आई चहा घेऊन येते आहे. हेच तिला सांग. मी इथेच बसतो.’’

पुढच्या घरी आजारी आजी माझी वाट पाहत होती. चहा निवून गेला. परंतु माय-लेकरांचे बोलणे संपेपर्यंत मी उठलो नाही.