तिच्याशी नको रे बाबा!

खेळाडूच्या रेकॉर्डमध्ये तीन रकाने असतात. जिंकले, हरले, बरोबरीत सुटले. ‘समोर कुणी उभंच राहिलं नाही’ असा चौथा रकाना मी तरी कुठे पाहिला नाही. मित्रांनो, हा लेख त्या चौथ्या रकान्यातल्या माणसांबद्दल आहे. (कॉन्व्हेंटमध्ये दहा वर्षं काढलेली असल्यामुळे माझं शुद्धलेखन मधूनमधून गटांगळ्या खातं, तेवढं सांभाळून घ्या!)

२०२४ च्या ४ मे रोजी गूगल उघडलं, तर डूडलवर एक पैलवान बाई. नाव हमीदा बानू. सबमिशन बाजूला ठेवून वाचत बसले. या बाईंनी १९५४ च्या फेब्रुवारीत जाहीर करून टाकलं होतं की, जो पुरुष पैलवान मला कुस्तीत हरवेल त्याच्याशी मी लग्न करीन. पतियाळाचा एक आणि कलकत्त्याचा एक असे दोन पैलवान तिने लोळवले. मे महिन्यात बडोद्याला छोटे गामा पैलवानाशी कुस्ती ठरली. त्याला बडोद्याच्या महाराजांचा आश्रय. ऐनवेळी तो म्हणाला, मी बाईशी लढणार नाही! मग बाबा पैलवान उभा राहिला आणि १ मिनिट ३४ सेकंदांत चीत झाला. आपली व्हायव्हासुद्धा याहून जास्त वेळ चालते.

हे पहिल्यांदा घडत नव्हतं. १९४४ मध्ये मुंबईत तिची आणि गुंगा पैलवानाची कुस्ती बघायला सुमारे २०,००० माणसं जमली होती. गुंगाने आयत्या वेळी जास्त पैसे आणि तयारीला जास्त वेळ मागितला आणि कुस्ती रद्द झाली. चिडलेल्या लोकांनी स्टेडियममध्ये मोडतोड केली. पुण्यात रामचंद्र साळुंखे यांच्याशी ठरलेली कुस्ती तिथल्या कुस्ती संघटनेने विरोध केल्यामुळे झालीच नाही. आणि ज्या कोल्हापूरला आपण कुस्तीची पंढरी म्हणतो, तिथे तिने पुरुष पैलवानाला हरवल्यावर लोकांनी हुर्यो उडवली, दगड मारले. पोलीस बोलवावे लागले.

मला खरा धक्का पुढच्या गोष्टीने बसला. कुस्त्यांवर बंदी आली तेव्हा तिने मुंबई राज्याचे मुख्यमंत्री मोरारजी देसाई यांच्याकडे तक्रार केली. उत्तर आलं की बंदी ती बाई आहे म्हणून नाही. आयोजक तिच्यासमोर ‘डमी’ पैलवान उभे करतात अशा तक्रारी आहेत, म्हणून आहे. म्हणजे बघा हं. नावाजलेले पैलवान तिच्याशी लढायला नाही म्हणणार. मग जे कोणी उरतील त्यांच्याशी ती लढणार. आणि जिंकली की लोक म्हणणार, हिच्यासमोर खरा पैलवान होताच कुठे? शंका खरी की खोटी हे ठरवायचा एकच मार्ग होता, एखाद्या मोठ्या पैलवानाने लंगोट कसून फडात उतरायचं. तेच तर कोणी करत नव्हतं.

हे फक्त बाईच्या वाट्याला येतं असंही नाही. बॉक्सिंगमध्ये सॅम लँगफर्ड नावाचा कॅनडात जन्मलेला कृष्णवर्णीय बॉक्सर होता. १९०६ मध्ये जॅक जॉन्सनने त्याला पॉइंट्सवर हरवलं. लँगफर्ड तेव्हा वजनाने कितीतरी हलका होता, तरी पूर्ण १५ राउंड टिकला. जॉन्सन १९०८ मध्ये हेवीवेट चॅम्पियन झाला, १९१५ पर्यंत राहिला, पण लँगफर्डला त्याने पुन्हा संधी दिली नाही. गंमत अशी की जॉन्सन स्वतः कृष्णवर्णीय म्हणून त्याला आधीच्या गोऱ्या चॅम्पियन्सनी वर्षानुवर्षं टाळलं होतं! लँगफर्ड पुढे आंधळा झाला. १९४४ मध्ये एका पत्रकाराला तो न्यूयॉर्कमधल्या हार्लेममध्ये गरिबीत राहताना सापडला.

मोठे खेळाडू भित्रे असतात का? मला नाही वाटत. जॉन्सनला भित्रा कोण म्हणेल? हा साधा हिशोब आहे, आणि तो मला माझ्या चुलतभावाने फार पूर्वी मालवणीत समजावला होता. पावसात आमच्याकडे मासेमारी बंद असते, लाइटचा भरवसा नसतो, तेव्हा सगळ्या वाडीत कॅरम चालतो. सहावीपासून मी खेळतेय. वाडीतल्या मुलांना चार-पाच वेळा हरवल्यावर एकेकाला अचानक कामं आठवायला लागली. भाऊ तेवढा खरं बोलला, “तुज्यावांगडा खेळान माका काय गावतला? जिंकलंय तर चेडवाक हरवल्यान म्हणतले, हरलंय तर बाजारात तोंड दाखवूक गावाचा नाय!” पूर्ण डेरिव्हेशन एका वाक्यात! जिंकण्यात फायदा शून्य, हरण्यात तोटा प्रचंड. असं गणित असेल तर शहाणा माणूस खेळणारच नाही. छोटे गामाने वेगळं काय केलं?

म्हणून नुसतं “हिंमत दाखवा” असं सांगून काही होत नाही. गणित बदलायला हवं. ते नॉकआउट स्पर्धेत आपोआप बदलतं. तिथे चिठ्ठ्या टाकून ड्रॉ निघतो, प्रतिस्पर्धी आपण निवडत नाही. नाही खेळलात तर समोरच्याला पुढे चाल मिळते आणि तुम्ही बाहेर. टाळण्याची किंमत टाळणाऱ्याला मोजावी लागते. हमीदाबानू आणि लँगफर्ड यांच्या नशिबी असा ड्रॉ नव्हता. तिथे मोठ्या नावाच्या मर्जीवर सगळं चालायचं.

हमीदाबानू शेवटी कल्याणला राहिली. दूध विकलं, पुढे पैसे संपल्यावर रस्त्यावर खाण्याचे पदार्थ विकले. १९८६ मध्ये ती गेली. तिने किती जणांना हरवलं याची चर्चा आज होते, पण किती जण आलेच नाहीत हे कोण मोजणार?

जाता जाता स्पोर्ट्स कमिटीला एक विनंती. गेल्या गॅदरिंगला मुलींच्या कॅरमला दोनच एन्ट्री आल्या म्हणून इव्हेंट रद्द झाला. कॅरमच्या सोंगटीला मुलगा-मुलगी कळत नाही. यंदा सगळ्यांच्या चिठ्ठ्या एकाच डब्यात टाका. माझं नाव ज्याला येईल त्याने खुशाल कामं आठवावीत. फक्त बोर्डावर त्याच्या नावापुढे स्पष्ट अक्षरात लिहा, ‘आला नाही’.