वसईच्या हवेतला पाव

सावरडो, म्हणजे आंबवणावर फुगवलेला पाव, शिकवणारे बहुतेक चांगले व्हिडिओ थंड देशांतल्या स्वयंपाकघरांत केलेले असतात. पीठ चार-पाच तास बाहेर ठेवा, असं त्यांत सांगतात तेव्हा खोली २४-२५ अंशांची धरलेली असते. वसईत मे महिन्याच्या दुपारी घरात ३२ अंश सहज असतात, वर समुद्राची दमट हवा. तेवढ्या वेळात आपल्याकडचं पीठ फुगून, पुन्हा बसून, पातेल्याला चिकटणारी आंबट खळ होऊन जातं.

मीही शिकले ती मोबाइलवरच, आणि त्याबद्दल तक्रार नाही. ओल्या हातानं पिठाची कड उचलायची, ताणायची, दुमडायची, ही हालचाल डोळ्यांनी पाहिल्याशिवाय कळत नाही. प्रमाणही तिथलंच : ५०० ग्रॅम पीठ, ३५० ग्रॅम पाणी, १०० ग्रॅम स्टार्टर, १० ग्रॅम मीठ. मी निम्मा मैदा आणि निम्मं चक्कीचं पीठ घेते. चक्कीचं पीठ पाणी जास्त पितं. नुसत्या मैद्याला एवढं पाणी झेपत नाही.

स्टार्टर म्हणजे समान वजनाचं पीठ आणि पाणी. रोज थोडं ठेवून बाकीचं काढायचं (त्याची घावनं छान होतात) आणि नवं पीठ-पाणी द्यायचं. पिठातलंच जंगली यीस्ट आणि आंबटपणा आणणारे जिवाणू एक-दोन आठवड्यांत जम बसवतात. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी बरणी एकदम फसफसते आणि नवखा माणूस हरखतो. ते काम बहुधा भलत्याच जिवाणूंचं असतं. आंबटपणा वाढला की ते मागे पडतात, बरणी थंडावते, आणि पुष्कळ जण इथेच ती मोरीत ओततात. ओतू नये.

वेळेचा प्रश्न मात्र माझ्यासाठी सोडवला तो शेजारच्या मावशींच्या फुग्यांनी. फुगे हे वसईच्या ख्रिस्ती घरांतलं लग्नकार्याचं खाणं. मैदा, अंडी, नारळाचं दूध, थोडी साखर यांचं सैल पीठ आंबवायचं आणि मुठीतून पिळून तेलात सोडायचं. पूर्वी ते ताडीवर आंबवत, आणि ताडीतही जंगली यीस्ट आणि जिवाणूच असतात. गोव्यातल्या पोदेरांचा (पाववाल्यांचा) पावही एके काळी माडीवरच फुगायचा. पाव आणणारे पोर्तुगीज वसईत होते १५३४ ते १७३९. कारखान्यातलं यीस्ट आलं एकोणिसाव्या शतकात. त्याआधी पाव फुगवायला जिवंत आंबवणच लागे, युरोपात काय नि इथे काय. त्यामुळे सावरडोला शहरी चोचले म्हणणाऱ्यांशी माझं पटत नाही.

“पीठ किती वेळ ठेवायचं?” असं विचारलं, तर मावशी म्हणाल्या, “टोपात कुठवर चढलंय ते बघ ना. घड्याळ कशाला बघतेस?”

तेव्हापासून मळलेल्या पिठातला एक छोटा गोळा मी उभट काचेच्या ग्लासात दाबून बसवते आणि त्याच्या उंचीवर रबरबँड लावते. उन्हाळ्यात गोळा दीडपट झाला की पीठ थेट फ्रिजमध्ये. दुप्पट होईपर्यंत थांबलं तर उशीर होतो, कारण गरम पीठ फ्रिजमध्ये गार होईतो फुगतच राहतं. स्टार्टरही तेव्हा निम्माच घालते.

पाण्याचा हिशेबही सोपा आहे. मळलेलं पीठ २६ अंशांचं हवं असेल तर २६ची तिप्पट ७८. त्यातून खोलीचे ३२ आणि कोरड्या पिठाचे ३२ वजा केले की उरले १४. म्हणजे पाणी १४ अंशांचं, फ्रिजमधलं मिसळून गार केलेलं. स्टार्टरची ऊब यात धरलेली नाही, पण घरच्या पावाला एवढं पुरतं. पावसाळ्यात पीठ मुळातच ओलसर असतं, म्हणून तीसेक ग्रॅम पाणी मागे ठेवून लागेल तसं घालावं. त्या दिवसांत पावाचं कुरकुरीत कवच संध्याकाळपर्यंत मऊ पडतं, त्याला इलाज नाही; खायच्या आधी काप तव्यावर शेकावेत.

वसईत, विरारला कुणाला शिकायचं असेल तर डिसेंबर-जानेवारीत सुरुवात करा. आधी ग्रॅम दाखवणारा वजनकाटा आणि साधा थर्मामीटर घ्या. पाव भाजायला महागडं बिडाचं भांडं नंतर; तोवर घट्ट झाकणाचं जाड पातेलं चालेल. फक्त त्याला प्लॅस्टिकची मूठ नको, कारण ओव्हन २३० अंशांवर तापवायचा आहे.