रोग गेला, मूळ राहिले

रक्ताचा अहवाल हाती आला आणि माईंचा चेहरा खुलला. सलग दुसऱ्या वर्षी कर्करोगाचा मागमूस नव्हता. रात्री जेवणे झाल्यावर त्या यजमानांना म्हणाल्या, "अहो, आता गोळी बंद करते. पोरीला बघायला माणसं येणार. डाळीच्या डब्यामागे किती दिवस लपवायची?"

ते शेतकऱ्याचे पोर. म्हणाले, "हरळी वरून कापली की शेत स्वच्छ दिसतं. पण काशा वेचल्या नाहीत तर पहिल्या पावसात पुन्हा तेच. आधी डॉक्टरांना विचारू."

डॉक्टरांचेही म्हणणे तेच होते. माईंना झालेला क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमिया हा रक्ताचा एक कर्करोग. त्यावरची इमॅटिनिब ही गोळी २००१ साली अमेरिकेत मंजूर झाली आणि हा आजार आटोक्यात येऊ लागला. पण ती मारते मुख्यतः झपाट्याने वाढणाऱ्या पेशींना. अस्थिमज्जेत निपचित पडलेल्या काही मूळ पेशी तिला दाद देत नाहीत. त्या जाग्या झाल्या की रोग पुन्हा डोके वर काढतो.

टोरांटोच्या जॉन डिक यांच्या गटाने १९९४ मध्ये दुसऱ्या एका रक्तकर्करोगात अशा पेशी दाखवून दिल्या. २००३ मध्ये स्तनाच्या कर्करोगातही त्या आढळल्या. म्हणून आता संशोधकांचा नेम या मुळावरच आहे. अडचण एकच, निरोगी रक्त बनवणाऱ्या मूळ पेशीही बऱ्याचशा तशाच. घाव एकीवर घालताना दुसरी वाचली पाहिजे.

२०१० मध्ये फ्रान्समधील एक अभ्यास प्रसिद्ध झाला. किमान दोन वर्षे अहवाल स्वच्छ असलेल्या रुग्णांची गोळी डॉक्टरांच्या देखरेखीखाली थांबवली होती. वर्षभर लक्ष ठेवलेल्यांपैकी निम्म्याहून अधिक जणांचा रोग परतला, बहुतेकांचा पहिल्या सहा महिन्यांतच. गोळी पुन्हा सुरू करताच तो आटोक्यात आला. बाकीच्यांना मात्र तिची गरज पडली नाही.

"म्हणजे माझीही सुटेल?" माईंनी विचारले.

"सुटू शकेल. पण तपासण्या करत, आपण मिळून ठरवू तेव्हा. मनानं बंद करायची नाही."

त्या रात्री गोळीची डबी डाळीच्या डब्यामागून निघाली आणि जेवणाच्या टेबलावर, लोणच्याच्या बरणीशेजारी येऊन बसली. पाहुण्यांनी विचारले तर खरे काय ते सांगायचे, हे मुलीनेच ठरवले होते.