टाळू

वर्गात वर्णांची उच्चारस्थाने शिकविताना मी वीस वर्षे फळ्यावर टाळूचे चित्र काढीत आलो. आपल्यालाही ती आहे, हे मात्र गेल्या दिवाळीच्या आधीच्या आठवड्यात समजले. स्कूटर घसरली आणि मी तोंडावर आपटलो.

दवाखान्यात ओठाला टाके पडले. टाळूवरची चीर आपोआप भरेल, असे सांगून मला घरी पाठविण्यात आले. "टाळूला लागलंय ना? मग तेल थापा," शेजारच्या काकू म्हणाल्या. त्यांच्या मनातली टाळू डोक्यावरची होती!

चूक उघडकीस आणली ती पेजेने. पहिलाच घोट नाकातून बाहेर आला. "अहो, हे साधं दिसत नाही," सौ. घाबरून म्हणाली. दुसऱ्या दिवशी आम्ही जबड्याच्या शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरीणबाईंकडे गेलो.

"सर, दात मिटा. पूर्वीसारखे बसतात का?"

बसत नव्हते. पुढच्या दोन दातांत नवीच फट पडली होती. बाईंनी वरच्या जबड्याच्या दोन्ही बाजू हलकेच धरल्या, तर त्या वेगवेगळ्या हलल्या. सीटी स्कॅनने शिक्कामोर्तब केले. फ्रेंच डॉक्टर रने ल फोर यांनी १९०१ साली वरच्या जबड्याच्या मोडींच्या ज्या रेषा दाखविल्या, त्यांपैकी एखादी टाळूच्या मोडीसोबत बहुधा असतेच. माझ्या नशिबी तीही होती.

"टाळू म्हणजे चार हाडांचं छप्पर," बाई म्हणाल्या. "त्यावरचं अस्तर हाडाला घट्ट चिकटलेलं. हाड दुभंगलं की तेही फाटतं आणि तोंडातले जंतू थेट हाडापर्यंत पोचतात. ही उघडी मोड. तशीच सांधली, तर दात कायमचे वाकडे बसतील."

दातांचे ठसे घेतले गेले. प्लास्टरचा साचा मोडीच्या जागी कापून, दात जुळतील असा पुन्हा जोडला आणि त्यावर ॲक्रिलिकची पाटी घडविली. शस्त्रक्रियेत हाडे जागी बसवून टायटॅनियमच्या पट्ट्या लावल्या, चीर शिवली, पाटी दातांना तारेने बांधली. जंतुनाशक औषधे सुरू झाली आणि सहा आठवडे पातळ अन्न.

घरात चकल्यांचा खमंग वास, आणि मी वरणाचे पाणी पीत होतो! बोलू गेलो तर 'शाळा'ची 'साळा' होई. धाकटी खुदकन हसे. मला हसू येत नसे. ज्याचे पोट शब्दांवर, त्याचे शब्दच घसरू लागले तर?

पाटी निघाली आणि 'श' परत आला. आता मी फळ्यावर चित्र काढण्याआधी मुलांना जीभ टाळूला लावायला सांगतो. आणि तोंडावर आपटलेल्या माणसाला 'फार लागलं का?' एवढेच विचारून थांबत नाही. 'दात पूर्वीसारखे बसतात का?' हेही विचारतो.