वीस पावलांची लहर

आकाश कोणाच्या मालकीचे, हा प्रश्न कवींना पडावा. माझ्यासारख्या कलाशाखेच्या विद्यार्थिनीला तो पडला, याचे कारण धारूर तालुक्यातील आमचे जाड भिंतींचे माळवद.

आमचे आजोबा रेडिओवर परभणी केंद्र ऐकत. 1305 किलोहर्ट्झची ती लहर सुमारे 230 मीटर लांबीची. बालाघाटचे डोंगर तिला अडवू शकत नसत. परंतु 1933 च्या कायद्यामुळे साधा रेडिओ घरात ठेवायलाही परवाना लागे, आणि त्याची फी पोस्टात भरावी लागे. 1980 च्या दशकात ती कटकट संपली.

2020-21 च्या गळीत हंगामात आई आणि अण्णा कोयता घेऊन कोल्हापूरकडे गेले. मी आठवीत होते. शाळा बंद, अभ्यास फोनवर. घरी भावाचा जुना फोन होता, पण त्यात रिचार्ज नव्हता. शेजारच्या काकूंनी आपल्या फोनचा हॉटस्पॉट चालू करून पासवर्ड सांगितला आणि म्हणाल्या, "आत नको बसू गं, ओसरीत बस. तिथं येतंय."

का येत होते? ही लहर 2.4 गिगाहर्ट्झची, म्हणजे लांबी अवघी साडेबारा सेंटिमीटर, वितीहूनही आखूड. तिची शक्ती वॅटच्या लहानशा अंशाइतकी. अंतर दुप्पट झाले की जोर चौथाईवर येतो. त्यात माती आणि ओल तिला शोषून घेतात. म्हणून वीस पावलांवरची ओसरी चाले, पण आतली खोली चालत नसे. विशेष म्हणजे, या पट्ट्यातील कमी शक्तीच्या उपकरणांना सरकारने 2005 मध्ये परवान्यातून सूट दिली. आकाशाचा हा तुकडा गावच्या गायरानासारखा सर्वांचा झाला.

गायरानात गर्दी होणारच. या पट्ट्यात एकमेकांत न मिसळणारे मार्ग जेमतेम तीन. त्यामुळे प्रत्येक वाय-फाय उपकरण आधी ऐकते. दुसरे कोणी बोलत असेल तर थांबते, मग बोलते. काकूंच्या हॉटस्पॉटवर गल्लीतली आम्ही तीन मुले शिकत होतो. धडा थांबत थांबत यायचा, पण तिघांनाही मिळायचा.

रात्री त्याच लहरीवर आईचा चेहरा दिसे. फडातून कोपीवर परतलेली, हातांना पाचटाचे ओरखडे. तिचे बोलणे मनोऱ्यामागून मनोरे ओलांडत आमच्या गावापर्यंत येई; पण काकूंच्या घरापासून आमच्या ओसरीपर्यंतची शेवटची वीस पावले काकूंच्या मनावर होती. त्यांनी बटण बंद केले असते, तर विज्ञानाचा काही इलाज नव्हता.

वाचकहो, सरकारने लहर मोकळी केली, ही मोठी गोष्ट. परंतु आपल्या घरातली लहर शेजारच्या लेकरासाठी मोकळी ठेवणे कोणत्याही कायद्यात लिहिलेले नाही. आज मी महाविद्यालयात आहे, त्यात त्या न लिहिलेल्या गोष्टीचा वाटा मोठा आहे.